मिशनच्या कॅम्पात अक्का

वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत मी स्वतःची वेणी स्वतः घातली नव्हती. पाच भावांच्या पाठीवर झालेली एकुलती मुलगी. पाणीसुद्धा हातात आणून मिळायचं. रोज सकाळी अक्का मला समोर बसवायची, खोबरेल तेल चोपडायची आणि दोन वेण्या इतक्या आवळून घालायची की माझ्या भुवया वर चढायच्या. शाळेत नवीन आलेल्या बाईंना वाटे, या मुलीला सारखं कशाचं तरी आश्चर्य वाटतंय.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही आत्या म्हणायचं सोडून अक्काच म्हणू लागलो. पुढे बेंगळुरात चिकपेटेतल्या आमच्या कापडाच्या दुकानातली नोकरमंडळी आणि जुनी गिऱ्हाइकंही तिला अक्का म्हणायला लागली. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं, अकराव्या वर्षी नवरा गेला, आणि ती माहेरी आली ती कायमची. दुकानावरच्या माळ्यावर आमचं घर होतं. घरात सून म्हणून आई होती, पण घर चालायचं अक्काच्या तोंडावर. देऊळ, भाजीबाजार आणि कुणाची लग्नमुंज, याखेरीज ती उंबरा ओलांडत नसे. दुसऱ्याच्या हातचं तिला चालत नसे, त्यामुळे लग्नघरीसुद्धा ती केळं खाऊन परत यायची.

मी मिशनच्या मुलींच्या शाळेत होते. तिथलं इंग्रजी चांगलं म्हणून अण्णांनी तिथे घातलं होतं. त्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक मिस होत्या. मूळच्या कन्नड बोलणाऱ्या, ख्रिस्ती, लग्न न केलेल्या, काटकुळ्या. उंच लेडीज सायकलवरून यायच्या आणि छत्री दांडीला बांधलेली असायची. साठ सालाच्या आसपासचा तो उन्हाळा. परीक्षा संपत आल्या होत्या, आणि एके दिवशी दुपारी मिसनी आमच्या दुकानासमोर सायकल लावली.

अण्णांनी त्यांना गादीवर बसवलं, कॉफी मागवली. मिस कॅम्पबद्दल सांगायला आल्या होत्या. दर उन्हाळ्यात मिशनतर्फे शहराबाहेर दहा दिवस मुलींचा कॅम्प भरायचा. मुळात तो ख्रिस्ती मुलींसाठी, पण शाळेतल्या इतर मुलींनाही घ्यायचे. कॅम्पचे फायदे मिसनी बोटांवर मोजून दाखवले. मोकळ्या हवेत मुलींच्या तब्येती सुधारतात. आपली कामं आपण करायला लागतात. निरनिराळ्या घरांतल्या मुलींशी मिळून मिसळून राहायला शिकतात. चारचौघांत बोलायची भीती जाते. अण्णा मान हलवत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष मिसच्या साडीच्या काठाकडे होतं. मिसचं बोलणं संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की साडी कोइमतूरची का. मिसनी हो म्हटलं आणि न रागावता पुढे सांगितलं, ‘तुमची मुलगी हुशार आहे. पण परवा वर्गात तिची रिबीन सुटली, तर ती रिबीन हातात धरून घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिली.’

ते मात्र अण्णांना लागलं.

घरी बातमी कळली तेव्हा अक्कानं ताट बाजूला सारलं. आमच्याकडे कॅम्प म्हणजे लष्कराचा. गावाच्या पलीकडे जो छावणीचा भाग, त्याला सगळे दंडू म्हणायचे, आणि अक्काच्या समजुतीप्रमाणे तिथे सोल्जरांखेरीज कुणी राहत नसे. मुलीला सोल्जरांच्यात पाठवायचं म्हणजे अण्णांना भ्रम झाला असला पाहिजे, असं तिचं म्हणणं पडलं. सोल्जर नाहीत हे तिला पटवण्यात दोन दिवस गेले. ते पटल्यावर तिला धर्माची आठवण झाली. आणि धर्माचं काही उत्तर मिळायच्या आत तिला अंडी आठवली.

अंड्यांचा प्रश्न सोपा होता. मिसनी कळवलं की स्वयंपाक शाकाहारीच असतो, रविवारी ज्यांना हवं त्यांना अंडं मिळतं आणि त्याचं भांडंसुद्धा वेगळं. धर्माच्या प्रश्नावर अण्णांनी एक संध्याकाळ विचार केला. मग मला जवळ बोलावून निर्णय सांगितला. सगळे बसतील तेव्हा बसायचं, उभे राहतील तेव्हा उभं राहायचं, गाणी म्हणतील तर गाणीही म्हणायची. ‘फक्त प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे नाहीत. डोळे मिटले की माणूस प्रार्थना करतो. उघडे असले की तो नुसता बसलेला असतो.’

अक्काला हे पुरेसं वाटलं नाही, पण याहून बरं काही तिलाही सुचलं नाही. तिनं माझ्या ट्रंकेत एवढा चिवडा आणि एवढे लाडू भरले की कपडे कडेकडेनं खोचावे लागले.

कॅम्प सर्जापूर रोडवर होता. त्या रोडला तेव्हा दोन्ही बाजूंना रागीची, म्हणजे नाचणीची, शेतं आणि मधूनमधून तळी. बस आम्हाला एका वळणावर सोडून गेली आणि तिथून आम्ही चाळीस मुली डोक्यावर, कमरेवर ट्रंका घेऊन आंब्याच्या बागेतून चालत गेलो. बागेच्या मधोमध एक जुना कौलारू बंगला, शेजारी चिंचेची मोठी तीन झाडं, मागे विहीर. बंगल्याच्या लांब खोल्यांमध्ये चटया घातल्या होत्या. एका खोलीत आठ जणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली. मुली भराभर तोंड धुऊन तयार व्हायला लागल्या. मी केस सोडले, फणी, तेल आणि रिबिनी घेतल्या आणि पायरीवर जाऊन बसले. बसूनच राहिले. बऱ्याच वेळानं खोलीतली एक सावळी, लांब हातापायांची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कुणाची वाट बघते आहेस, असं तिनं कन्नडमध्ये विचारलं.

वेणी घालायला कुणी तरी येईल त्याची, असं मी सांगितलं.

ती जोरात हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. ती आत गेली, भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आली आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली. तीन भाग कर, म्हणाली. मी केले. ते तिन्ही भाग एका हातात कसे धरायचे आणि दुसऱ्या हातानं काय करायचं, हे तिनं मला एखाद्या मोटार ड्रायव्हरला वाट सांगावी तसं सांगितलं. डावीकडचा वर घे. आता थांब. आता उजवीकडचा. माझी पहिली वेणी कानाच्या पुढे आली आणि दुसरी मानेच्या मागून निघाली. त्या दोन वेण्या घेऊन मी कवायतीला गेले. भुवया मात्र पहिल्यांदाच जागेवर होत्या.

कवायत झाली की न्याहारी, न्याहारीनंतर चिंचेखाली प्रार्थना आणि गोष्टीचा तास. प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. मी अण्णांना दिलेल्या शब्दाप्रमाणे डोळे टक्क उघडे ठेवले. चाळीस मुलींनी डोळे मिटलेले असताना एकटीनं उघडे ठेवले की किती काय काय दिसतं, याची मला कल्पना नव्हती. एक मुलगी डोळे मिटून, अतिशय भक्तिभावानं, परकराच्या ओच्यातली कैरी चघळत होती. दोघी जणी डोळे मिटूनच एकमेकींना चिमटे काढत होत्या. खुद्द मिस मधूनच एक डोळा किलकिला करून मुली मोजत होत्या. आणि समोरच्या रांगेत आणखी दोन डोळे उघडे होते, ते सरळ माझ्याकडे बघत होते. ते त्या आरसा धरणाऱ्या मुलीचे.

नंतर मी तिला विचारलं, तुझ्या वडिलांनीही सांगितलंय का, डोळे मिटू नकोस म्हणून?

‘माझे वडील पाद्री हायेत,’ ती म्हणाली. ‘घरात दिवसाला पाच वेळा मिटतोय आम्ही. इथं सुट्टीला आलोय न्हवं.’

आणि हे ती मराठीत म्हणाली. माझ्या ट्रंकेवर अण्णांनी मोडी वळणाच्या मराठीत आडनाव रंगवलं होतं, ते तिनं त्याच सकाळी, माझ्या वेण्या झाल्यावर वाचलं होतं. ती बेळगावाकडची होती. वडिलांची नेमणूक बेंगळुरात झाल्यामुळे वर्षापूर्वी इकडे आली होती, आणि वर्षभर घराबाहेर मराठी बोलायला कुणी मिळालं नव्हतं. त्यानंतर कॅम्प संपेपर्यंत आम्ही तोंडाला खीळ घातली नाही. तिला माझी मराठी विचित्र वाटायची. मी ‘स्वल्प सरक’ म्हटलं की ती पोट धरून हसायची आणि म्हणायची, ह्याला काय मराठी म्हंत्यात काय गे. मला तिचं ‘काय करालीस’ ऐकून हसू यायचं. आपलीच भाषा खरी असं दोघींनाही वाटत होतं आणि दोघींचीही भाषा पुण्याच्या कुणी ऐकली असती तर तो खाली बसला असता.

तिच्यामुळे मी काय काय शिकले ते मला आज सलग सांगता येणार नाही. विहिरीतून कळशी ओढायला शिकले. आपलं ताट आपण घासायला शिकले. पहिल्या ताटाला मी इतकी राख लावली की ते तीन वेळा धुवावं लागलं. रागीचा मुद्दा खायला शिकले. हा मुद्दा म्हणजे रागीच्या पिठाचा उकडलेला गोळा, तो चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिला घास पाच मिनिटं चावत बसले आणि तो माझ्या दातांना असा चिकटला की मिसनी विचारलेल्या प्रश्नाला मला खुणेनं उत्तर द्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मिसनी सगळ्यांना एकेक कार्ड दिलं आणि घरी लिहायला सांगितलं. मी खरं तेच लिहिलं. मी मजेत आहे. वेणी माझी मी घालते. विहिरीवर पाणी काढते. काल जेवण न चावता गिळलं. प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवते. पाद्रीची मुलगी माझी सगळ्यात जवळची मैत्रीण झाली आहे आणि ती मला सगळं शिकवते.

हे कार्ड माझ्या तिसऱ्या नंबरच्या भावानं अक्काला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याचा परिणाम पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आंब्याच्या बागेतून चालत आला. पुढे अक्का, नऊवारीचा पदर खांद्यावरून घट्ट लपेटलेला, एका हातात घरच्या पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात डबा. मागे माझा भाऊ, चेहऱ्यावर झोप.

मी धावत गेले. तिनं मला जवळ घेतलं नाही. आधी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, मग मला गोल फिरवून वेण्या बघितल्या. वेण्या तोवर बऱ्याच सरळ यायला लागल्या होत्या. हे तिला आवडलं नाही, असं मला वाटतं.

‘ट्रंक भर,’ ती म्हणाली. ‘दोनच्या बसनं जायचंय.’

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात माझी मैत्रीण बाक घेऊन आली आणि तो सावलीत ठेवून म्हणाली, ‘बसा की वो आत्ती. उनातनं आलायसा.’

अक्का चकित होऊन बघत राहिली. या रानात, मिशनच्या बंगल्यात, मराठी. तिनं त्या मुलीची चौकशी सुरू केली. गाव कुठलं, भाऊ किती, आई काय करते. मुलगी नीट उत्तरं देत होती. अक्काचा चेहरा सैल होत चालला होता. निदान एक तरी आपल्यातली मुलगी इथे आहे, असं ती माझ्या भावाला म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून त्या मुलीलाच विचारलं, ‘ती पाद्रीची पोरगी कुठली गे यांच्यात?’

‘मीच की,’ मैत्रीण म्हणाली.

अक्का बाकावर बसली. तांब्यातलं पाणी ती बराच वेळ पीत होती.

तरीही आम्ही दोनच्या बसनं गेलोच असतो. अक्का मन बदलणाऱ्यांतली नव्हती. पण त्याच वेळी स्वयंपाकीणबाईंचा जावई सायकलवरून घामाघूम होऊन आला. त्यांच्या मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. बाई हात पुसत तशाच सायकलच्या मागे बसून गेल्या. चुलीवर आधण होतं, तांदूळ धुऊन ठेवले होते, भोपळे तसेच पडले होते, आणि तासाभरात चाळीस मुली जेवायला बसणार होत्या.

मिसनी पदर खोचला आणि एक भोपळा पुढ्यात घेतला. मिस भूगोलात फार हुशार होत्या. भोपळा त्यांनी आधी डोक्याकडून कापायचा प्रयत्न केला, मग बुडाकडून, मग तो घरंगळत जाऊन अक्काच्या पायाशी थांबला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिच्या तोंडावरून दिसत होतं की तिला ते सोसत नाही.

‘स्वल्प सरका,’ ती मिसना म्हणाली.

तिनं त्या चुलीपुढे ठाण मांडलं ते दुपारपर्यंत. पाणी कुणी आणायचं, भाजी कुणी चिरायची, नारळ कुणी खवायचा, हे ती बसल्या जागेवरून कन्नडमध्ये सांगत होती. तिची कन्नड दुकानात शिकलेली, त्यामुळे मुलींशीही ती घासाघीस केल्यासारखी बोलायची. भोपळ्याची भाजी, आमटी, भात आणि कैरीची चटणी. दुसऱ्याच्या हातचं तिला चालत नव्हतं, त्यावर तिनं काढलेला तोडगा इतका सोपा होता की तो आमच्या घरात कुणालाच सुचला नव्हता. चाळीस जणींचं तिनंच रांधलं म्हणजे तिलाही जेवता येत होतं. माझ्या भावाला जेवू घालून तिनं दोनच्या बसनं परत पाठवलं. अक्का दोन दिवसांनी येईल, असं घरी सांग, म्हणाली.

आता त्या दिवशीची दुसरी गोष्ट. जेवणाआधी देवाचे आभार मानायचे आणि ते रोज एका मुलीनं मानायचे, अशी तिथली पद्धत होती. सकाळी चिठ्ठ्या काढायच्या. त्या दिवशी चिठ्ठी माझी निघाली होती. अक्काच्या येण्यानं मी ते पार विसरून गेले होते. ताटं वाढून झाली, सगळ्या उभ्या राहिल्या आणि मिसनी माझ्याकडे बघितलं.

मला पाठ असलेलं काहीच नव्हतं. वर्गात रिबीन हातात घेऊन गप्प बसणारी मुलगी मी. मी हात जोडले. भाताबद्दल आभार मानले. मग भाताबरोबर आमटी आहे, तिला राग येऊ नये म्हणून आमटीबद्दल मानले. मग भाजी, चटणी, मीठ. एकदा सुरुवात केल्यावर कुणाला वगळायचं ते कळेना. घरी लग्नाचं आवतण करायला निघालं की एक घर राहिलं तर काय होतं हे मी पाहिलेलं होतं. म्हणून विहीर, दोर, कळशी, सरपण, सरपण फोडणारा माळी, ताटात रागी नसूनही रागी पिकवणारे शेतकरी, बसचा ड्रायव्हर, सगळ्यांचे मानले. भातावरची वाफ जायला लागली. कुणी तरी खोकलं. शेवटी मी म्हणाले, ‘आणि अक्काबद्दल आभार. ती मला घरी न्यायला आली होती. पण तू स्वयंपाकीणबाईंच्या मुलीला बरोबर वेळेवर कळा दिल्यास, म्हणून ती राहिली.’

आमेन म्हणायला कुणालाच जमलं नाही. मिस भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मुलींनी हसून घेतलं, मग भात खाल्ला. तो गार झाला होता, पण दोनदा वाढावा लागला. जेवण झाल्यावर मिस माझ्यापाशी आल्या. इतकी वर्षं हा कॅम्प चाललाय, त्या म्हणाल्या, सरपण फोडणाऱ्याचे आभार आजवर कुणी मानले नव्हते. त्यांनी ते माळ्यालाही जाऊन सांगितलं. माळी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे जरा संशयानं बघत होता.

मला मात्र वेगळीच काळजी लागली होती. मैत्रिणीला मी विहिरीमागे नेलं आणि सांगितलं की बोलताना भीतीनं माझे डोळे मिटले गेले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिटलेले होते. आता काय होईल?

‘काय होतंय?’ ती म्हणाली. ‘मी बारा वर्षं मिटतोय. मला काय झालंय?’

मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिला खरंच काही झालेलं नव्हतं.

अक्काचे दोन दिवस संपले तरी स्वयंपाकीणबाई आल्या नव्हत्या, त्यामुळे अक्का राहिली. सातव्या दिवशी बाई आल्या, नात झाल्याचे पेढे घेऊन. आता अक्का जाईल, असं मला वाटलं. अक्कानं बाईंना बसवलं, नातीचं कौतुक केलं आणि सांगितलं की बाळंतिणीच्या घरचं जागरण झालेल्या बाईनं लगेच दोन्ही वेळची चूल धरू नये. सकाळचं मी बघते, रात्रीचं तुम्ही. तिनं रात्री उपास धरला आणि दूध पिऊन राहायला लागली. पण परत जायचं नाव काढलं नाही.

या वाटणीमुळे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच दुपार मोकळी झाली. दुपारी चिंचेखाली आम्ही रिंग खेळायचो. दोन खांबांना जाळी बांधलेली, आणि रबराची रिंग एका हातानं झेलून एका हातानं पलीकडे फेकायची. अक्का कडेला शेंगा सोलत बसायची. एकदा रिंग तिच्या सुपात येऊन पडली. तिनं ती उचलली आणि बसल्या बसल्या फेकली. ती जाळीवरून गेली, मुलींवरून गेली आणि चिंचेच्या फांदीत जाऊन अडकली. चाळीस वर्षं घरातली पितळी पातेली उचललेले ते हात होते.

मुलींनी तिला ओढून उठवलं. नको नको म्हणत ती उठली आणि नको नको म्हणतच तिनं पदर खोचला. पहिल्या दिवशी तिला झेलता येईना. दुसऱ्या दिवशी ती झेलायला लागली. तिसऱ्या दिवशी ती गुणांवरून भांडायला लागली. रिंग रेषेच्या आत पडली होती की बाहेर, यावरून तिनं मिसशी, म्हणजे कॅम्पच्या मुख्य बाईंशी, एवढा वाद घातला की मिसना शेवटी जमिनीवर खडूनं खूण करून दाखवावी लागली. त्यावर अक्का म्हणाली की खडू मिसचा आहे, तो मिसच्याच बाजूनं बोलणार. नऊ वर्षांची असताना तिला खेळातून उठवून बोहल्यावर उभं केलं होतं, हे आम्हाला घरात ऐकून माहीत होतं. पण माहीत असणं निराळं. तोंड लालबुंद, अंबाडा सुटलेला, आणि ‘माझाच पॉइंट’ म्हणून हटून बसलेली ती बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. थोडी लाजही वाटली मला. तेराव्या वर्षी घरच्यांची लाज फार लवकर वाटते.

मिसची आणि तिची मात्र गट्टी झाली. एकदा मिसनी भिंतीवरच्या नकाशात तिला तुळजापूर दाखवलं. आमचे मूळ पुरुष तिकडून आले असं घरात सांगायचे. अक्कानं एक बोट तुळजापुरावर आणि एक बेंगळुरावर ठेवलं, दोन्ही बोटं तशीच उचलून डोळ्यांपुढे धरली आणि म्हणाली, ‘एवढंच?’ यायला एवढं थोडं अंतर आणि परत कुणी गेलंच नाही, याचा तिला राग आला होता.

दहा दिवस संपले. मी आणि अक्का एकाच बसनं परतलो. घरी अण्णांनी मला समोर बसवून विचारलं की दिलेला शब्द पाळलास का. मी सांगितलं की एकदा डोळे मिटले, भीतीनं, आणि काय काय म्हणाले तेही सांगितलं. अण्णा मधेच हसायला लागले होते, पण कळांच्या ठिकाणी आल्यावर त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं. मग अक्काकडे वळून म्हणाले, ‘तू तर तिथेच होतीस. तू लक्ष ठेवलं नाहीस का?’

‘मला कसं दिसणार?’ अक्का म्हणाली. ‘माझेही मिटलेलेच होते.’

हा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढच्या वर्षी मिसना दुकानात यावंच लागलं नाही. अक्कानंच शिवरात्रीपासून दिवस मोजायला सुरुवात केली होती. तिनं मसाले कुटले, लोणचं घातलं, दोन जाडी लुगडी बाजूला काढली. आणि जायच्या चार दिवस आधी मला कांजिण्या आल्या. मी अंगभर फोड घेऊन कडुनिंबाच्या पाल्यावर पडले. अक्का माझ्या उशाशी बसली, माझ्या कपाळावरून हात फिरवला, आई आहे ना तुझ्यापाशी, असं म्हणाली, आणि ठरल्या दिवशी ठरल्या बसनं एकटी निघून गेली.

दहा दिवसांनी ती परत आली तेव्हा उन्हानं काळवंडली होती आणि लंगडत होती. माझे फोड वाळले होते, पण राग वाळला नव्हता. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून विचारलं, माझी आठवण तरी काढली का तिथे कुणी.

अक्कानं खोटं बोलायचा विचार केला असावा, कारण तिला उत्तराला जरा वेळ लागला.

‘पहिल्या दिवशी काढली की सगळ्यांनी,’ ती म्हणाली. ‘मग मॅच सुरू झाल्या.’